काकासांची वही

येत्या संवत्सरीला आमच्या घरातील एक आसन रिकामे असेल. प्रतिक्रमण संपल्यावर घरातील सर्वांत लहान मुलापुढेही वाकून, दोन्ही हात जोडून 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणणारे आमचे काकासा गेल्या माघ महिन्यात, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, आम्हांला सोडून गेले. ते माझ्या वडिलांचे धाकटे बंधू. मारवाडी वळणाने सारे घर त्यांना काकासा म्हणे. पुढे गल्ली म्हणू लागली आणि अखेरीस स्थानकातील वयोवृद्ध श्रावकही त्यांना त्याच नावाने हाक मारू लागले. भारतीय सेनेच्या तोफखान्यातून लेफ्टनंट कर्नल या हुद्द्यावर ते निवृत्त झाले होते.

या मासिकाच्या पानांवर आपण दानशूरांची, तपस्व्यांची आणि शून्यातून पेढी उभारणाऱ्या उद्योजकांची चरित्रे वाचतो. सैनिकाचे चरित्र क्वचितच वाचायला मिळते. व्यापारी जैन घरातील मुलगा सैन्यात जातो तेव्हा घराला अभिमान वाटतो, पण त्याबरोबर एक अवघडलेपणही येते. अहिंसा हा ज्यांचा परम धर्म, त्यांच्या मुलाने तोफ चालवावी, हे कसे बसवायचे? काकासा या प्रश्नासह साठ वर्षे जगले. त्यांनी तो कधी टाळला नाही आणि त्याचे सोयीस्कर उत्तरही कधी स्वीकारले नाही. म्हणून त्यांच्याविषयी लिहावेसे वाटते.

सोने दिले, मुलगा कोण देणार?

रविवार कारंजाजवळ आमची धान्य-किराणा मालाची पेढी. आजोबा पहाटे सामायिक करून, स्थानकात जाऊन मगच पेढी उघडत. पाणी दोनदा गाळले जाई. पावसाळ्यात दिव्यावर झेपावणारे किडे मरू नयेत म्हणून दिव्याभोवती जाळी बसवलेली असे. नाशिक जिल्हा कांद्याचा, आमचे कितीतरी नातलग लासलगाव-मनमाडकडे कांद्याच्या व्यापारात, पण घरात कांदा शिजत नसे. अशा घरात काकासा १९४१ साली जन्मले आणि एच.पी.टी. महाविद्यालयातून पदवीधर झाले. त्यांनी पेढीवर बसावे, हे ठरलेलेच होते.

ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनचे आक्रमण झाले. संरक्षण निधीसाठी गावोगाव सभा भरल्या. आपल्या समाजानेही हात आखडता घेतला नाही. आजीने स्वतःच्या हाताने चार बांगड्या उतरवून दिल्या. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि १९६३ साली लोकसभेवर निवडून गेले ते नाशिकमधूनच, तेही बिनविरोध. देशाचा संरक्षणमंत्री आपल्या गावचा खासदार आहे, याचे त्या काळातल्या तरुणांना केवढे अप्रूप होते, हे वडील सांगत.

सैन्याला अधिकारी हवे होते. पदवीधरांना तातडीचे कमिशन देण्याच्या जाहिराती वर्तमानपत्रांतून येत होत्या. काकासांनी कोणाला न सांगता अर्ज केला. निवडीचे पत्र आले ते पेढीच्या पत्त्यावर. मुनीमजींनी ते वाचले आणि काही न बोलता आजोबांच्या गादीवर ठेवले.

त्या रात्रीचा संवाद वडिलांनी मला अनेकदा सांगितला आहे. आजोबा म्हणाले, "आपण देणगी देणारी माणसे. लढणे ज्यांचे काम आहे, ते लढतील."

काकासा म्हणाले, "म्हणजे हिंसा त्यांनी करायची आणि तिच्या सावलीत बसून अहिंसा आपण पाळायची, असेच ना, बासा? आपण सोने दिले. मुलगा कोण देणार?"

आजोबांनी उत्तर दिले नाही. त्यांना मुलाचा जीव जाण्याचे भय होते, हे खरेच. पण त्याहून मोठे भय मुलाच्या हातून जीव जाण्याचे होते. त्यानंतर दोन-अडीच वर्षे ते काकासांशी बोलले नाहीत आणि त्यांच्या एकाही पत्राला त्यांनी उत्तर लिहिले नाही. पत्र आले की वडील मोठ्याने वाचत. आजोबा हिशेब लिहीत बसत, पण वाचन संपेपर्यंत त्यांच्या टाकाची शाई पुढे सरकत नसे.

देवळालीचा आवाज

मद्रासच्या अधिकारी प्रशिक्षण शाळेतून काकासांना तोफखान्यात कमिशन मिळाले आणि तोफखान्याचे शिक्षण घेण्यासाठी त्यांची रवानगी झाली ती देवळालीला. मुलगा घर सोडून हजार मैल गेला आणि फिरून घरापासून पंधरा किलोमीटरवर आला! नाशिककरांना देवळाली म्हणजे हवापालटाचे गाव. आपल्या समाजाची कितीतरी कुटुंबे तेथील आरोग्यभवनांत उन्हाळा काढत. त्याच देवळालीत तोफखान्याचे विद्यालय, नाशिकरोडला तोफखाना केंद्र आणि पश्चिमेच्या उघड्या माळांवर गोळाफेकीची मैदाने. वारा अनुकूल असला की सरावाच्या तोफांचा घुमणारा आवाज शहरापर्यंत येतो. आजही येतो. आपल्यातल्या बहुतेकांचे त्याकडे लक्षही जात नाही.

त्या वर्षी मात्र आमच्या पेढीवर तो आवाज ऐकला जाई. आजोबा तराजू हातात धरून क्षणभर थांबत. गिऱ्हाइकाला वाटे, वजन तपासत आहेत.

आजी शनिवारी दुपारी डबा घेऊन बसने देवळालीला जाई. सूर्यास्तापूर्वी मुलाला जेवू घालायचे आणि शेवटच्या बसच्या आत परतायचे, असा तिचा नेम. आजोबांना हे ठाऊक होते. शुक्रवारी संध्याकाळी ते पेढीवरून चांगल्या प्रतीची मूगडाळ आणि खडीसाखर घरी पाठवत, "घरातले संपले असेल" एवढेच म्हणत.

तोफखान्याची एक रीत काकासांना अतिशय प्रिय होती. पायदळाच्या पलटणीला आपले निशाण असते. तोफखान्याच्या पलटणीचे निशाण म्हणजे तिची तोफच. तोफची आपल्या तोफेला मान देतो, ती शत्रूच्या हाती पडू देत नाही. काकासा सांगत, "आपण दिवाळीला वही पूजतो ना, तसेच ते. ज्यावर आपले इमान, तेच आपले निशाण."

असल उत्तर

१९६५ साली संवत्सरी ऑगस्टच्या अखेरीस आली. काकासा तेव्हा पंजाबात होते. उपवास करून, राहुटीच्या कोपऱ्यात एकट्यानेच प्रतिक्रमण करून त्यांनी सर्व जीवांची क्षमा मागितली. लगोलग १ सप्टेंबरला छांबमध्ये पाकिस्तानी सेनेचे आक्रमण झाले आणि आठवड्याच्या आत पंजाबच्या सीमेवर युद्ध पेटले.

खेमकरणजवळच्या असल उत्तर या गावाभोवती ८ ते १० सप्टेंबर या तीन दिवसांत जे घडले, त्याची गणना त्या युद्धातील सर्वांत मोठ्या रणगाडा-लढायांत होते. पाकिस्तानकडे अमेरिकी बनावटीचे पॅटन रणगाडे होते. आपल्या चौथ्या पर्वतीय डिव्हिजनने घोड्याच्या नालेच्या आकाराची फळी धरली, शेतांत पाणी सोडून जमीन दलदलीची केली आणि उभ्या उसात रणगाडे दडवले. डेक्कन हॉर्सचे नेतृत्व करणारे लेफ्टनंट कर्नल अरुणकुमार वैद्य मराठी मातीतले. पुढे ते सेनाध्यक्ष झाले. जीपवरच्या तोफेने एकामागून एक रणगाडे टिपणारे अब्दुल हमीद १० सप्टेंबरला तेथेच धारातीर्थी पडले आणि मरणोत्तर परमवीरचक्राचे मानकरी ठरले. फसलेल्या आणि जळालेल्या पॅटन रणगाड्यांची एवढी दाटी झाली की लोक त्या जागेला 'पॅटन नगर' म्हणू लागले.

या लढाईत तोफखान्याचा वाटा मोठा होता आणि काकासांचे काम समजून घेतल्याशिवाय पुढचे समजणार नाही. त्या काळातील पंचवीस पौंडी तोफ सुमारे अकरा किलोचा गोळा बारा किलोमीटरपर्यंत फेकी. तोफेजवळच्या जवानांना आपला गोळा कुठे पडतो हे दिसत नाही. ते पाहण्यासाठी एक अधिकारी बिनतारी यंत्र आणि एक-दोन जवान घेऊन सर्वांत पुढे, पायदळाबरोबर बसतो. पहिला गोळा अलीकडे पडला तर तो अंतर वाढवायला सांगतो, दुसरा पलीकडे पडला तर कमी करायला. असे दोन्ही बाजूंनी जवळ येत येत नेम लागला की साऱ्या तोफांना एकदम मारा करण्याचा आदेश देतो. काकासा म्हणत, "तोफ काही पाहत नाही. पाहतो तो पुढे बसलेला अधिकारी. त्याला सगळे दिसते."

चोवीस वर्षांचे काकासा त्या तीन दिवसांत असेच पुढे बसले होते.

घरी मुलांना ते या लढाईची एकच हकिगत सांगत. गावे घाईघाईने रिकामी झाली होती. एका घराच्या गोठ्यात म्हशीचे पारडू दाव्याला बांधलेलेच राहिले होते. दोन दिवसांचे तहानलेले. बिनतारी यंत्र सांभाळणाऱ्या जवानाने आपली पाण्याची बाटली त्याच्यापुढे ओतली आणि काकासांनी दावे कापले. पारडू काही पळाले नाही, त्यांच्यामागेच चालू लागले. त्याला हुसकावण्यासाठी काकासांना मातीचे ढेकूळ मारावे लागले. "त्या युद्धात मी चुकवून मारलेला तेवढा एकच नेम," असे सांगून ते हसत आणि आम्ही मुलेही हसत असू.

वरुणाची कथा

आजोबांचे मौन कसे सुटले, तेही सांगितले पाहिजे. पुढच्या वर्षीच्या, म्हणजे १९६६ च्या चातुर्मासात स्थानकात महासतीजींनी भगवती सूत्रावर व्याख्याने दिली. सातव्या शतकातील रथमुसल संग्रामाचा प्रसंग आला. मगधाचा राजा कूणिक आणि वैशालीचा चेटक यांच्यातील ते घोर युद्ध. वैशालीत नाग नावाच्या गृहस्थाचा नातू वरुण हा व्रतधारी श्रावक होता. बेल्याच्या तपात असतानाच त्याला युद्धावर जाण्याची राजाज्ञा झाली. त्याने तप सोडले नाही, उलट बेल्याचा तेला केला आणि रथावर चढताना नियम घेतला, की जो माझ्यावर आधी प्रहार करील त्याच्यावरच मी प्रहार करीन. रणात समोरच्या योद्ध्याने त्याला आव्हान दिले, तरी तो थांबला. त्या योद्ध्याचा बाण लागल्यावरच त्याने आपला बाण सोडला. मग मर्मी घायाळ झालेल्या वरुणाने रथ रणभूमीबाहेर नेला, दर्भाचे आसन अंथरले, आलोचना-प्रतिक्रमण केले आणि समाधिपूर्वक देह ठेवला. आगमाने त्याला सद्गती सांगितली आहे.

महासतीजींनी पुढे चामुंडरायांचेही उदाहरण दिले. गंग राजांचा हा सेनापती श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराचा निर्माता. त्या मूर्तीच्या पायाशी त्याच्या नावाचा जो मराठी लेख आहे, त्याची गणना मराठीतील अतिप्राचीन लेखांत होते. जैन श्रावकाच्या हाती शस्त्र असणे ही आपल्या परंपरेला अनोळखी गोष्ट नव्हे. आपल्या आचारशास्त्राने हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार प्रकार सांगितले. त्यांतील संकल्पी हिंसा गृहस्थाने पूर्णतः टाळायची. स्वतःच्या, आश्रितांच्या किंवा देशाच्या रक्षणासाठी घडणारी विरोधी हिंसा गृहस्थजीवनात अटळ मानलेली आहे.

आजोबा व्याख्यानाहून थेट पेढीवर आले. मुनीमजींना त्यांनी अंतर्देशीय पत्र आणायला सांगितले आणि स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहिल्या: वरुणाची कथा ऐकली. सुटी मिळेल तेव्हा घरी ये.

काकासा दिवाळीला आले. आजोबा त्यांना घ्यायला नाशिकरोड स्थानकावर गेले होते. गाडी चार तास उशिरा आली आणि तोवर सूर्य मावळला. आजोबांनी त्या दिवशी दुपारीही जेवण घेतले नव्हते.

पुढच्या आयुष्याचा मोठा भाग मी थोडक्यात सांगतो. काकासांचे कमिशन कायम झाले. १९६७ साली विवाह झाला. येवल्याच्या ज्या घरातून काकी आल्या, त्यांनी होकार देण्यापूर्वी सहा महिने घेतले. जालंधर, पठाणकोट, सिकंदराबाद, पुन्हा देवळाली अशी बदल्यांची रांग लागली. १९७१ च्या युद्धात ते शकरगढ आघाडीवर होते. सैन्यात चौविहार नेहमी साधत नसे, तेव्हा साधला नाही असे ते स्पष्ट सांगत. मांस-मद्याला मात्र कधी स्पर्श केला नाही. मेसमधील समारंभात चषक उंचावण्याची वेळ आली की ते पाण्याचा पेला उंचावत. "पहिल्या वर्षी लोक हसले, दुसऱ्या वर्षी विसरले आणि तिसऱ्या वर्षी पर्युषणात लंगरमधून उकळलेले पाणी न सांगता येऊ लागले," असे ते म्हणत. त्यांना अपत्य नव्हते. आम्ही पुतणे-पुतण्याच त्यांची मुले.

एक प्रश्न

१९७२ च्या दिवाळीत मी सात वर्षांचा होतो. सारे घर पंगतीला बसले होते. शाळेत ढाक्याच्या शरणागतीच्या, त्र्याण्णव हजार युद्धकैद्यांच्या गोष्टी ऐकून आलेल्या मी मोठ्या उत्साहाने विचारले, "काकासा, तुम्ही किती माणसे मारली?"

पंगत एकदम शांत झाली. वडिलांनी माझ्या पाठीत धपाटा घातला. काकासांनी त्यांचा हात धरला आणि मला म्हणाले, "प्रश्न चुकीचा नाही. उत्तर द्यायला मला थोडा वेळ दे." आणि ते पुन्हा जेवू लागले.

त्यांनी वेळ घेतला तो सत्तावीस वर्षांचा.

१९९१ साली निवृत्त होऊन ते नाशिकला परतले. पेढीवर गादी तयार होती, पण ते दुपारचे दोन तासच बसत. सकाळचा वेळ पंचवटीच्या पांजरापोळीतील गुरांसाठी आणि उरलेला एका वेगळ्याच कामासाठी. तोफखान्याच्या जवानांच्या सेवेच्या नोंदी ठेवणारे अभिलेख कार्यालय नाशिकरोडला आहे. त्यामुळे राजस्थान, पंजाब, बिहार, तामिळनाडू अशा कुठूनही एखादी सैनिकाची विधवा किंवा म्हातारा बाप निवृत्तिवेतनाची कागदपत्रे घेऊन नाशिकरोडला उतरतो. सेवापुस्तकात पत्नीचे नाव एक, रेशनकार्डावर दुसरे. जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर एक, बँकेत दुसरी. एवढ्याशा फरकापायी कुटुंब निवृत्तिवेतन अडून राही. काकासा त्या लोकांना प्रतिज्ञापत्र करून देत, अर्ज लिहून देत, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात घेऊन जात. अनेकदा त्यांना घरी जेवायला आणत. काकी विचारत, "किती पाने?" आणि सूर्यास्तापूर्वी स्वयंपाक आटोपत. एका राजस्थानी म्हातारीने आमच्या ओट्यावर बसून पहिल्या थकबाकीची रक्कम तीनदा मोजली होती. तिचा हिशेब जुळेपर्यंत काकासा शेजारी उभे होते.

१९९९ च्या उन्हाळ्यात कारगिलचे युद्ध सुरू झाले. दूरचित्रवाणीवर बोफोर्स तोफांची धडधड घरोघर दिसत होती. समाजाच्या सभेत निधी गोळा झाला, मोठमोठे आकडे जाहीर झाले. काकासांना दोन शब्द बोलायला सांगितले. ते म्हणाले, "देणगी चांगलीच आहे. १९६२ सालीही आपण भरपूर दिली. या सभागृहात तीनशे घरे आहेत. सैन्यात गेलेली मुले किती, तेवढे मला सांगा." कोणी काही बोलले नाही. अध्यक्षांनी आभार मानले.

परतताना मी स्कूटर चालवत होतो, ते मागे बसले होते. गोदावरीच्या पुलावर त्यांनी मला थांबायला सांगितले. कठड्याला टेकून ते म्हणाले, "तुझे उत्तर राहिले आहे."

आणि त्यांनी १० सप्टेंबर १९६५ ची सकाळ सांगितली. उसाच्या कडेला एक पॅटन रणगाडा चिखलात रुतला. झाकण उघडले आणि माणसे उतरून पळू लागली. त्यांच्यामागे आणखी रणगाडे येत होते. तोफांचा नेम त्या जागेवर आधीच बसलेला होता. मारा थांबवला तर मागचे रणगाडे फळी फोडून आत येतील, सुरू ठेवला तर पळणारी माणसे त्याखाली सापडतील. विचार करायला तीन-चार सेकंद होते.

"आदेश माझ्या तोंडात होता. मी तो दिला," काकासा म्हणाले. "किती माणसे होती ते मला मोजता आले नाही. म्हणून तुला तेव्हा सांगू शकलो नाही."

मी म्हणालो, "पण ते आक्रमण करून आले होते. ही विरोधी हिंसा. धर्मानेच तिला..."

त्यांनी मला पुढे बोलू दिले नाही. "धर्माने ती अटळ मानली, हे खरे. पण अटळ आहे म्हणून नावे पडत नाही, असे कोणी सांगितले? तुझ्या पेढीवर खर्च टाळता येण्यासारखा नव्हता म्हणून तू तो वहीत लिहायचा सोडतोस का? वरुणाच्या कथेचा पहिला भाग सगळ्यांच्या लक्षात राहतो, त्याने प्रथम वार केला नाही. मला शेवटचा भाग लागतो. रथ बाहेर नेऊन त्याने आलोचना केली. आपण बरोबर होतो म्हणून त्याने ती टाळली नाही."

थोड्या वेळाने ते म्हणाले, "पुन्हा तशीच वेळ आली, तर मी पुन्हा तोच आदेश देईन. आणि पुन्हा हिशेब ठेवीन."

जमा आणि नावे

हिशेबाचा अर्थ मला त्यांच्या जाण्यानंतर कळला. तेराव्या दिवसानंतर काकींनी त्यांची काळी लोखंडी पेटी उघडायला सांगितली. तिच्यावर पांढऱ्या रंगात त्यांचा सैन्यातील क्रमांक अजून स्पष्ट होता. आत पदके, घडी घातलेला गणवेश, आजोबांचे ते अंतर्देशीय पत्र आणि तळाशी लाल कापडी बांधणीची एक वही. आपल्या पेढीवर असते तशीच. पहिल्या पानावर 'श्री महावीराय नमः'. डावीकडे जमा, उजवीकडे नावे.

नावे बाजूला केवळ तारखा होत्या. १९६५ च्या अकरा, १९७१ च्या नऊ. कोणत्याही तारखेपुढे आकडा नाही, शब्द नाही. १० सप्टेंबरची तारीख दोनदा लिहिलेली.

जमेच्या बाजूला मी घाईने पाने उलटली. मला वाटले होते, पांजरापोळीची सेवा असेल, विधवांची कामे असतील, दानाच्या रकमा असतील. त्यांतले काहीही नव्हते. दरवर्षीची एकच नोंद होती: संवत्सरी, उपवास, क्षमायाचना, आणि गावाचे नाव. पहिली १९६६ ची, जालंधर. शेवटची २०२३ ची, नाशिक, अक्षर थरथरते. अशा अठ्ठावन्न नोंदी. शेवटच्या पानावर बेरीज नाही, बाकी काढलेली नाही. जन्मभर पै-पैचा ताळा जुळवणाऱ्या घरातील माणसाने ही एक वही उघडीच ठेवली होती.

काकी म्हणाल्या, "मी एकदा विचारले होते, एवढ्या बायकांची कामे करता, ती का नाही लिहीत? तर म्हणाले, ते माझे काम होते. कर्जात ते कसे वळते करायचे?"

मी व्यापारी माणूस. आयुष्यभर वह्या पाहिल्या. एका हाताने घेतलेले दुसऱ्या हाताने दिलेल्या देणगीत वळते करून मन हलके करणारे हिशेबही पाहिले, आणि प्रसंगी तसे केलेही. त्या रात्री ती लाल वही मांडीवर घेऊन बसलो असता मला स्वतःच्या कितीतरी नोंदी आठवल्या.

अखेरचे दिवस

एप्रिल २०२३ मध्ये तोफखान्यात प्रथमच महिला अधिकाऱ्यांना कमिशन मिळाले. पाच जणी चेन्नईच्या अकादमीतून बाहेर पडल्या. माझ्या मुलीने ती बातमी काकासांना वाचून दाखवली. त्यांनी ती पुन्हा वाचायला लावली. "देवळालीला येतील शिकायला," ते म्हणाले, "आता आवाज आला की विचार करा, कोणाची मुलगी आहे."

त्यानंतर त्यांची प्रकृती हळूहळू खालावत गेली. त्यांनी एकेक गोष्ट समजून-उमजून सोडली. आधी चहा, मग दूध, मग संध्याकाळचे जेवण. शेवटच्या दिवशी सकाळी मुहपत्ती मागून घेतली, घरातील प्रत्येकाची क्षमा मागितली, शेजारच्या परिचारिकेचीही. ती बिचारी गोंधळून गेली. दुपारी त्यांचा श्वास शांत झाला. अंत्ययात्रेला माजी सैनिक पुष्पचक्र घेऊन आले होते. स्थानकातील श्रावक आणि ते एकाच रांगेत चालले. गर्दीच्या मागे, कोणाच्या ओळखीच्या नसलेल्या चार-पाच बायका डोक्यावर पदर घेऊन उभ्या होत्या. सिन्नर तालुक्यातून आल्याचे त्यांनी सांगितले. अधिक काही सांगितले नाही, आणि आम्हीही विचारले नाही.

आता माझ्याविषयी एक गोष्ट लिहून थांबतो. तीन महिन्यांपूर्वी माझ्या मुलीने चेन्नईच्या त्याच अकादमीसाठी अर्ज भरला. तिने मला ते सांगितले तेव्हा माझ्या तोंडून शब्द निघाले, "आपण देणगी देणारी माणसे." वाक्य पुरे होण्याआधीच मी थांबलो. ते माझे वाक्य नव्हते, आजोबांचे होते. त्यांना ते गिळायला दोन-अडीच वर्षे लागली होती. मुलगी माझ्याकडे पाहत होती. तिने काही विचारले नाही. आत जाऊन तिने काकासांची लाल वही आणली आणि माझ्यापुढे ठेवली.

तिची निवड होईल की नाही, ठाऊक नाही. झाली तर तिला निरोप द्यायला मी स्थानकावर जाईन, एवढे ठरवले आहे. येत्या संवत्सरीला काकासांच्या रिकाम्या आसनाशेजारी बसून प्रतिक्रमण करीन आणि उठल्यावर सर्वांत आधी माझ्या मुलीपुढे हात जोडीन.